खाऱ्या हवेत कोणता धातू टिकतो आणि का

डहाणूपासून वेंगुर्ल्यापर्यंत, किनाऱ्यालगत घर बांधणाऱ्याचं आणि फॅब्रिकेटरचं एक बोलणं ठरलेलं असतं. ‘‘हे गंजणार नाही ना?’’ ‘‘एसएस आहे काका, काही बघायला नको.’’ पुढे दोन-तीन वर्षांत गॅलरीच्या कठड्यावर तपकिरी डाग उमटतात, वेल्डिंगच्या सांध्याभोवती ते गडद होत जातात, आणि काकांना वाटतं, आपल्याला फसवलं. कधी खरोखरच फसवलेलं असतं; त्याबद्दल पुढे येईलच. पण पुष्कळदा माल खरा असतो आणि तरीही डागाळतो. सगळीकडे, सगळ्या हवेत न गंजणारा धातू घरबांधणीच्या बाजारात मिळत नाही. कोणता धातू कशाच्या बळावर टिकतो हे एकदा कळलं, की तो कुठे लावायचा आणि कुठे नाही हे दुसऱ्याच्या शब्दावर सोडावं लागत नाही.

सोनं ज्या कारणाने टिकतं त्या कारणाने आपल्या घरातले बाकीचे धातू टिकत नाहीत. सोन्याला ऑक्सिजनची ओढच नाही. म्हणून तर ते नदीच्या वाळूतसुद्धा सोनं म्हणूनच सापडतं. प्लॅटिनमचं तसंच. लोखंड, जस्त, ॲल्युमिनियम मात्र आपल्याला खनिजातून काढावे लागतात. भट्टीच्या किंवा विजेच्या जोरावर त्यांचा ऑक्सिजन तोडावा लागतो, आणि मोकळे झाले की ते पुन्हा त्याच्याशी जोडले जायला बघतात. ही ओढ ॲल्युमिनियमला लोखंडापेक्षा कितीतरी जास्त आहे. रेल्वेचे रूळ जोडण्याची एक पद्धत याच ओढीवर चालते: ॲल्युमिनियमची भुकटी लोहभस्मातला ऑक्सिजन खेचून घेते आणि त्यात इतकी उष्णता निघते की लोखंड वितळून सांध्यात उतरतं. तरीही खिडकीची ॲल्युमिनियमची चौकट वर्षानुवर्षं राहते आणि तिच्या शेजारची लोखंडी जाळी दोन पावसाळ्यांत तांबडी होते.

याचं कारण पृष्ठभागावर आहे. ॲल्युमिनियम हवेत उघडं पडताक्षणी त्याच्यावर ऑक्साइडचा थर धरतो. तो एवढा पातळ असतो की मिलिमीटरचे दहा लाख भाग केले तर त्यातले दोन-चार भाग भरेल. डोळ्यांना दिसत नाही, पण सलग असतो, खालच्या धातूला घट्ट चिकटलेला असतो आणि पाण्याला, हवेला आत येऊ देत नाही. म्हणजे ॲल्युमिनियम गंजतं, फार लवकर गंजतं, आणि त्या पहिल्या क्षणातच गंजणं थांबतं. ओरखडा काढलात तर उघड्या पडलेल्या भागावर जखमेवर खपली धरावी तसा तो थर पुन्हा धरतो. अट एवढीच, की तिथे ऑक्सिजन हवा आणि थर विरघळवणारं काही नको.

लोखंडाचा गंज नेमका याच्या उलट वागतो. त्यात पाणी सामावलेलं असतं. मूळ लोखंडाच्या दुपटीपासून सहापटीपर्यंत जागा तो व्यापतो, फुगतो, त्याला भेगा पडतात, पोपडे सुटतात. त्या पोपड्यांखाली ओल धरून राहते आणि गंजाखालचं लोखंड आणखी गंजतं. पण लोखंडाच्या अंगी संरक्षक थर धरण्याची क्षमताच नाही असं नव्हे. विरल नायट्रिक आम्लात लोखंड फसफसून विरघळतं, आणि तीव्र नायट्रिक आम्लात टाकलं तर नुसतं पडून राहतं. हे अठराव्या शतकाच्या अखेरीस जेम्स कीर यांनी नोंदवलं होतं. १८३६ मध्ये बाझल इथले रसायनशास्त्रज्ञ शोनबाइन यांनी हा प्रकार मायकेल फॅरडे यांना पत्राने कळवला, आणि लोखंडावर न दिसणारा ऑक्साइडचा थर बसत असावा असं अनुमान फॅरडे यांनी काढलं. तीच कल्पना आजच्या सगळ्या ‘न गंजणाऱ्या’ धातूंच्या मुळाशी आहे.

दिल्लीच्या मेहरौलीतला गुप्तकालीन लोहस्तंभ पाहिलेल्यांना प्रश्न पडतोच, की सुमारे सोळाशे वर्षं उघड्यावर उभं असलेलं हे लोखंड टिकलं कसं. आयआयटी कानपूरच्या आर. बालसुब्रमण्यम यांनी त्याचा सखोल अभ्यास केला. जुन्या पद्धतीने काढलेल्या त्या लोखंडात फॉस्फरसचं प्रमाण आजच्या पोलादापेक्षा बरंच जास्त आहे, आणि त्यामुळे पृष्ठभागावर हळूहळू दाट, चिकट असा थर तयार झाला. दिल्लीच्या कोरड्या हवेचा त्यात वाटा आहेच. हाच खांब मुरुडच्या किंवा मालवणच्या किनाऱ्यावर उभा असता तर त्याची अशीच गोष्ट सांगता आली असती, असं मला वाटत नाही.

आता स्टेनलेस स्टील. पोलादात किमान साडेदहा टक्के क्रोमियम मिसळलं की पृष्ठभागावर क्रोमियमच्या ऑक्साइडचा सलग थर धरतो. १९१३ मध्ये शेफील्डच्या हॅरी ब्रिअर्ली यांनी बंदुकीच्या नळ्यांसाठी पोलाद शोधता शोधता असा मिश्रधातू ओतला, आणि त्याच शहराच्या सुऱ्या-चाकू बनवणाऱ्यांनी तो पुढे नेला. निकेल घातल्याने पोलादाला लवचिकपणा येतो, ते ठोकून-वाकवून घेता येतं आणि आम्लांपुढे जास्त तग धरतं. गंजापासून वाचवणारा मुख्य घटक मात्र क्रोमियम. हा थरही ॲल्युमिनियमच्या थराइतकाच पातळ आणि तसाच पुन्हा धरणारा आहे.

या थराचा सर्वांत मोठा शत्रू क्लोराइड, आणि ते समुद्राच्या मिठात भरपूर असतं. क्लोराइड थराला सरसकट विरघळवत नाही. थर जिथे कमजोर आहे तिथे ते सुईच्या टोकाएवढं छिद्र पाडतं, छिद्राच्या आत ऑक्सिजन पोहोचत नाही, आत आम्ल साठतं आणि थर पुन्हा धरूच शकत नाही. बाहेरून चकचकीत दिसणाऱ्या टाकीला एके दिवशी पाझर फुटतो तो असा.

कोकणात मीठ येतं लाटांच्या तुषारांतून, वाऱ्यावर. धोका सर्वांत जास्त तुटणाऱ्या लाटांच्या जवळ असतो आणि आत जावं तसा तो झपाट्याने कमी होतो; तरी किनाऱ्यापासून पाच किलोमीटरपर्यंत सावध राहावं, आणि मध्ये मोकळी खाडी किंवा सडा असेल तर त्याहून थोडं पुढेही. मिठाचा दुसरा गुण असा की ते हवेतली ओल ओढतं. हवेतली आर्द्रता पंचाहत्तर टक्क्यांच्या वर गेली की साधं मीठ स्वतःच पाणी होऊ लागतं. समुद्राच्या मिठात मॅग्नेशियम क्लोराइडही असतं, आणि ते तर तेहतीस टक्क्यांनाच ओलसर होतं. म्हणून डिसेंबरातल्या कोरड्या वाटणाऱ्या दुपारीसुद्धा तुमच्या जाळीवर खाऱ्या पाण्याचा पातळ थर असू शकतो.

इथे एक गोष्ट फार जण उलटी समजतात. पाऊस लागतो तो भाग आधी गंजेल म्हणून त्याला जास्त जपतात, आणि छपराखालच्या, वळचणीखालच्या लोखंडाकडे लक्ष देत नाहीत. समुद्राजवळ पाऊस हा धातूचा मित्र आहे, तो मीठ धुऊन नेतो. वळचणीखाली मात्र ऑक्टोबरपासून मेपर्यंत मीठ बसत राहतं आणि पावसाळ्यात ते धुतलंही जात नाही, फक्त ओलं होतं. कठड्याच्या पाइपची खालची बाजू, पत्र्याची आतली बाजू, शटरच्या घडीतली खाच, बिजागरीच्या मागचा भाग: डाग इथून सुरू होतात. घर पाहायला गेलात तर हात फिरवून याच जागा तपासा.

आता खरेदीकडे. बाजारात ‘एसएस’ म्हणून जे मिळतं त्यात निदान तीन वेगळे माल असतात. २०२ या प्रकारात महाग निकेल कमी करून मँगेनीज घातलेलं असतं. घराच्या आत, कोरड्या जागी ते ठीक आहे, पण समुद्राजवळ बाहेर लावू नये. ३०४ मध्ये साधारण अठरा टक्के क्रोमियम आणि आठ टक्के निकेल असतं. स्वयंपाकघरासाठी, पुण्या-नाशिकच्या हवेसाठी ते उत्तम. ३१६ मध्ये त्याशिवाय दोन ते तीन टक्के मॉलिब्डेनम असतं आणि क्लोराइडपुढे छिद्रं पडणं त्यामुळे बरंच रोखलं जातं. समुद्र दिसतो अशा गॅलरीचा कठडा, जिन्याचा बाहेरचा हात, गच्चीवरच्या सोलरचे नट-बोल्ट यांना ३१६ घ्या. ते परवडत नसेल तर तिथे २०२ वा ३०४ लावून डागांशी झगडण्यापेक्षा चांगलं जस्त चढवलेलं आणि वर रंगवलेलं लोखंड लावा. माझ्या मते ते केव्हाही शहाणपणाचं.

चुंबक लावून पाहण्याची चाचणी फसवी आहे. २०२, ३०४ आणि ३१६ या तिन्हींना चुंबक जवळजवळ चिकटत नाही, त्यामुळे ‘चुंबक चिकटला नाही म्हणजे माल अस्सल’ हे म्हणणं खोटं आहे. उलट ४३० प्रकारच्या स्टेनलेसला चुंबक घट्ट चिकटतो आणि तरी ते स्टेनलेसच असतं. खात्री हवी असेल तर मॉलिब्डेनम ओळखणाऱ्या थेंब-चाचणीची छोटी बाटली मिळते, आणि भंगाराचा मोठा व्यवहार करणाऱ्यांकडे धातूवर रोखून घटक दाखवणारं हातातलं यंत्र असतं. माल मोठा असेल तर पाइपच्या एका तुकड्याची तशी तपासणी करून घ्या आणि बिलावर ग्रेड लिहून घ्या. ‘एसएस पाइप’ एवढंच लिहिलेलं बिल उपयोगाचं नाही.

ग्रेड बरोबर असूनही काम बिघडतं ते वर्कशॉपमध्ये. वेल्डिंगच्या वेळी सांध्याजवळ निळसर-तपकिरी पट्टा उमटतो, तिथला संरक्षक थर बिघडलेला असतो आणि त्याच्या लगेच खालचं क्रोमियम कमी झालेलं असतं. तो पट्टा पिकलिंग पेस्ट लावून काढावा लागतो, किंवा चांगला घासून पॉलिश करावा लागतो. दुसरं, ज्या ग्राइंडरच्या चकतीने साधं लोखंड घासलं, तीच चकती स्टेनलेसवर फिरवली तर लोखंडाचे कण त्यात रुततात आणि तेच कण आधी गंजतात. शेजारी साध्या लोखंडाचं कापकाम चालू असेल तर उडणाऱ्या ठिणग्यांचंही हेच. पृष्ठभाग जितका गुळगुळीत तितकं मीठ कमी थांबतं, म्हणून बाहेरच्या कामाला घासलेल्या रेघांच्या मॅट फिनिशपेक्षा आरशासारखं पॉलिश बरं. हौसेपेक्षा यात टिकाऊपणाचा भाग जास्त आहे.

आणि एक सूचना घर बांधून झालेल्या प्रत्येकाला. फरशी बसवल्यावर मिस्त्री सिमेंटचे डाग काढायला टाइल्सचं ॲसिड ओततात. ते हायड्रोक्लोरिक आम्ल असतं, म्हणजे क्लोराइड आणि आम्ल एकत्र. ते नळावर, कठड्यावर उडालं तर नुकसान होतंच, पण बंद बाथरूममध्ये त्याच्या नुसत्या वाफेनेही नव्याकोऱ्या स्टेनलेसवर डाग पडतात. आधी फरशी धुऊन घ्या, भरपूर पाणी मारा, खिडक्या उघड्या ठेवा, आणि नळ-कठडे त्यानंतर बसवा. ब्लीचिंगच्या द्रावणाचंही तसंच; सिंकमध्ये ते रात्रभर साठवू नये.

जस्ताचं काम वेगळ्या तऱ्हेने चालतं. त्याच्यावरही थर धरतो, हवेतल्या कार्बन डायऑक्साइडमुळे तयार होणारा, करडा, मंद दिसणारा. पण जस्ताचा मोठेपणा असा की लोखंडाला चिकटून असताना ते स्वतः आधी झिजतं आणि लोखंडाला वाचवतं. ओरखड्यातून थोडं लोखंड उघडं पडलं तरी आजूबाजूचं जस्त त्याला सांभाळतं. रंगाला हे जमत नाही. त्याग करणारा धातू असल्यामुळे हिशेब सरळ आहे: जस्त किती जाड, तेवढी वर्षं. अतिशय खाऱ्या हवेत जस्त वर्षाला साधारण ४ ते ८ मायक्रॉन झिजतं. पत्र्यावर चौरस मीटरला दोन्ही बाजू मिळून १२० ग्रॅम जस्त असेल तर एका बाजूला ते जेमतेम ८ मायक्रॉन भरतं, म्हणजे एक-दोन वर्षांचं. २७५ ग्रॅमवाल्या पत्र्याला सुमारे १९ मायक्रॉन मिळतात. वितळलेल्या जस्तात बुडवून काढलेल्या जाड लोखंडी कामावर ८५ मायक्रॉनच्या आसपास थर बसतो आणि तो लाटांच्या जवळही दहा ते वीस वर्षं जातो. पत्रा विकत घेताना गेज सगळेच विचारतात; जस्ताचे ग्रॅम विचारा.

गेट किंवा जाळी बुडवून जस्त चढवून घ्यायची असेल तर सगळं वेल्डिंग आणि भोकं आधी करा, मग ती पाठवा. नंतर केलेलं वेल्डिंग जस्त जाळून टाकतं. पोकळ पाइपांना हवा निघायला भोकं ठेवलीच पाहिजेत. जस्ताची कढई सुमारे ४५० अंशांवर असते आणि बंद पाइपात अडकलेल्या पाण्याची वाफ तो पाइप फोडू शकते. हे फॅब्रिकेटरला माहीत असतं, तरी आठवण करून द्या. जागेवर कापावंच लागलं तर कापलेल्या टोकाला जस्त भरपूर असलेला रंग लावा. नव्या जस्तावर साधा ऑइलपेंट थेट लावला तर त्याचे पापुद्रे सुटतात. आधी त्यासाठीचाच प्रायमर हवा. पत्रे आणून अंगणात ओले एकावर एक रचून ठेवले तर हवा न मिळाल्याने त्यांच्यावर पांढरी भुकटी धरते, म्हणून मध्ये पट्ट्या घालून, उतारावर, झाकून ठेवा. दुकानात मिळणारे चकचकीत पांढरे-पिवळे स्क्रू विजेने मुलामा दिलेले असतात, त्यांच्यावर जस्त ५ ते ८ मायक्रॉनच असतं. छप्पर वीस वर्षांचं आणि स्क्रू दोन वर्षांचे, ही आपल्याकडची नेहमीची तक्रार याच कारणाने होते.

दोन वेगळे धातू एकमेकांना चिकटून ओले झाले की त्यांच्यात विजेचा बारीक प्रवाह सुरू होतो आणि जो जास्त क्रियाशील तो झिजतो. न्यूयॉर्कच्या स्वातंत्र्यदेवतेचं तांब्याचं कवच आतल्या लोखंडी सापळ्यावर तोललेलं होतं आणि मध्ये विलगीकरणासाठी अस्तर होतं. समुद्राच्या हवेत ते अस्तर निकामी झालं, तांबं जवळपास तसंच राहिलं आणि लोखंड फुगून, कुजून गेलं. १९८४ ते १९८६ या काळातल्या दुरुस्तीत तो लोखंडी आधार काढून ३१६ जातीचं स्टेनलेस बसवण्यात आलं आणि मध्ये टेफ्लॉन घातलं. आपल्या घरात हेच लहान प्रमाणात होतं: तांब्याच्या पाइपला जोडलेला जस्त चढवलेल्या लोखंडाचा (जीआयचा) तुकडा, पितळी नळाला लावलेला लोखंडी निपल, एसीच्या तांब्याच्या नळ्यांवरून ठिबकणाऱ्या पाण्याखालचा जस्ताचा पत्रा. पाण्याच्या वाटेत तांबं आधी आणि जस्त किंवा ॲल्युमिनियम नंतर, अशी रचना टाळा.

आकाराचाही विचार करा. मोठ्या ॲल्युमिनियमच्या चौकटीत छोटा स्टेनलेसचा स्क्रू चालतो, कारण झिजणारा धातू मोठा आहे आणि झीज पसरते; त्याखाली नायलॉनचा वॉशर घातला की आणखी चांगलं. उलट स्टेनलेसच्या मोठ्या पट्टीत लोखंडी स्क्रू घातला तर सगळी झीज त्या एकट्या स्क्रूवर येते आणि तो पाहता पाहता जातो. नियम एवढाच ध्यानात ठेवा: जोडणारा तुकडा नेहमी जोडल्या जाणाऱ्या तुकड्यांपेक्षा जास्त टिकाऊ धातूचा हवा.

ॲल्युमिनियमच्या खिडक्यांना समुद्राजवळ अनोडाइझ केलेला थर २० ते २५ मायक्रॉनचा मागा, किंवा चांगल्या प्रतीचं पावडर कोटिंग. ॲल्युमिनियमचा थर आम्लात आणि अल्कलीत, दोन्हीकडे विरघळतो. ओलं सिमेंट तीव्र अल्कली असतं, म्हणून प्लास्टर चालू असताना चौकटीवरची चिकटपट्टी काढू नका, आणि उडालेलं सिमेंट वाळायच्या आत पुसा. वाळल्यावर खरवडलं तरी खालचा डाग जात नाही.

सर्वांत महाग पडणारा गंज मात्र दिसत नाही, कारण तो काँक्रीटच्या आत असतो. चांगल्या काँक्रीटमध्ये सळई सुरक्षित असते, कारण सिमेंटची अल्कलिता लोखंडावरही संरक्षक थर टिकवते. ॲल्युमिनियमला मारक असलेली अल्कली इथे लोखंडाला तारक ठरते. हे संरक्षण दोन वाटांनी मोडतं: हवेतला कार्बन डायऑक्साइड हळूहळू आत शिरून अल्कलिता कमी करतो, किंवा क्लोराइड सळईपर्यंत पोहोचतं. मग गंज फुगतो, काँक्रीटला सळईच्या रेषेत भेग पडते आणि स्लॅबचे पोपडे खाली येतात. मुंबईच्या जुन्या इमारतींत असं छत कितीतरी घरांनी पाहिलं आहे.

बांधताना यावर तीन उपाय आहेत आणि तिन्ही फुकटाच्या जवळचे आहेत. पहिला, क्लोराइड आत मिसळूच नका. खाडीची न धुतलेली रेती आणि मचूळ विहिरीचं पाणी दोन्हीतून मीठ काँक्रीटमध्ये जातं. आरसीसीसाठीच्या पाण्यात क्लोराइड लिटरमागे ५०० मिलिग्रॅमच्या आत हवं, असं भारतीय मानक ४५६ सांगतं. विहिरीच्या पाण्याची तपासणी करून घ्यायला फारसा खर्च येत नाही. दुसरा, कव्हर. सळईच्या बाहेर काँक्रीटची जाडी किती, यावर क्लोराइडला आत यायला लागणारी वर्षं ठरतात. त्याच मानकात साध्या हवेसाठी २० मिलिमीटर, किनारपट्टीच्या वातावरणासाठी ४५ आणि समुद्राचे तुषार थेट लागणाऱ्या जागी ५० मिलिमीटर कव्हर सांगितलं आहे, आणि किनाऱ्यासाठी काँक्रीट निदान एम-३० प्रतीचं. स्लॅब भरायच्या सकाळी स्वतः उभे राहा. सळईखाली खडीचे तुकडे सारलेले दिसले तर काम थांबवा आणि योग्य उंचीचे कव्हर ब्लॉक लावून घ्या. तिसरा, भरलेल्या काँक्रीटला पाणी मारणं. पुरेसं पाणी न मिळालेलं काँक्रीट सच्छिद्र राहतं आणि मग बाकी सगळं वाया.

गंजरोधक म्हणून विकली जाणारी टीएमटी सळई थोडी मदत करते, पण पातळ कव्हरची भरपाई ती करू शकत नाही. स्टेनलेसची सळई ही खरी निराळी गोष्ट. मेक्सिकोतल्या प्रोग्रेसो इथला धक्का १९३७ ते १९४१ दरम्यान स्टेनलेस सळई घालून बांधला आणि तो आजही उभा आहे. त्याच्या शेजारी नंतर साध्या सळईने बांधलेल्या धक्क्याचे अवशेषच उरले. रामेश्वरला जाणाऱ्या नव्या पांबन पुलातही स्टेनलेस सळई वापरली आहे. घराला हा खर्च झेपणारा नाही. जुन्या घराचे पोपडे निघाले असतील तर नुसतं त्यावर प्लास्टर थापू नका. काँक्रीटमध्ये क्लोराइड मुरलेलं असेल तर नवा तुकडा बसवलेल्या जागेच्या कडेलाच सळई पुढे आणखी वेगाने गंजते, म्हणून किती खोल काढायचं हे स्ट्रक्चरल इंजिनीअरला विचारूनच ठरवा.

स्वयंपाकघरातही हीच तत्त्वं लागू पडतात आणि आपल्या आज्यांना त्यांतली बरीच माहीत होती. तांब्या-पितळेच्या भांड्यात ताक कळकतं, कारण आंबटपणा तांब्यावरचा थर विरघळवतो आणि तांबं पदार्थात उतरतं. म्हणून आतून कथिलाची कल्हई. कल्हई उडालेल्या पातेल्यात आमटी करू नका. चिंच, आमसूल, टोमॅटो ॲल्युमिनियमच्या भांड्यात शिजवून त्यातच ठेवू नका. शिजेपर्यंत एक वेळ ठीक, रात्रभर नको. लोणच्याला चिनीमातीची किंवा काचेची बरणीच, कारण मीठ आणि आम्ल एकत्र मिळून चांगल्या स्टीललाही छिद्रं पाडतात. स्टीलच्या पातेल्यात गार पाण्यात मीठ घातलं की ते तळाशी बसतं आणि तिथेच बारीक पांढरे ठिपके पडतात. पाणी उकळल्यावर मीठ घाला आणि ढवळा.

गीझरच्या टाकीत मॅग्नेशियमचा एक दांडा असतो. जस्त लोखंडासाठी करतं तेच काम तो टाकीसाठी करतो: स्वतः झिजतो. बोअरवेलच्या क्षारयुक्त पाण्यावर तो लवकर संपतो आणि तो संपल्यावर टाकी गंजायला लागते. सर्व्हिसिंगच्या वेळी तो काढून बघायला सांगा. निम्म्याहून जास्त झिजला असेल तर बदला. नवी टाकी घेण्यापेक्षा हे फारच स्वस्त पडतं.

आणि लावलेल्या धातूची निगा. पावसाळा संपला की ऑक्टोबरपासून मेपर्यंत, लाटांच्या जवळ असाल तर दर पंधरवड्याला, थोडं आत असाल तर महिन्यातून एकदा, कठडे, जाळ्या, खिडक्यांच्या चौकटी आणि बिजागऱ्या गोड्या पाण्याने धुवा. नुसत्या ओल्या फडक्याने पुसलं तर मीठ पसरतं, निघत नाही. आधी वळचणीखालचा भाग आणि पाइपची खालची बाजू घ्या. डाग आलाच तर तारेच्या घासणीने घासू नका, तिचे लोखंडी कण मागे राहतात. मऊ नायलॉनची घासणी आणि सौम्य साबण वापरा, रेघांच्या दिशेने घासा, मग पुन्हा गोडं पाणी मारा आणि कोरड्या फडक्याने पुसून घ्या.